अँटिबायोटिक आय ड्रॉप्स: थेंब घालण्याआधी, घालताना आणि घातल्यावर

बऱ्याच घरांत फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात एक छोटी बाटली उभी असते. पाच मिलिलिटरची, अर्धीमुर्धी उरलेली, लेबलावरची शाई पुसट झालेली. कधीतरी कुणाचे डोळे आले होते, तेव्हा आणलेली. मग एके सकाळी घरात दुसऱ्याच कुणाचा डोळा लाल दिसतो आणि हात आपसूक त्या बाटलीकडे जातो. ‘डोळ्याचंच औषध आहे, घाल दोन थेंब.’

या एका वाक्यात तीन चुका आहेत. डोळ्याची औषधं अनेक प्रकारची असतात आणि एकाचं काम दुसरं करत नाही. उघडून महिने झालेल्या बाटलीवर भरवसा ठेवता येत नाही. आणि एका थेंबाऐवजी दोन घालून पदरात जास्तीचं काही पडत नाही. तिन्हींचा हिशेब पुढे येईलच. पण सुरुवात चौथ्याच प्रश्नाने करावी लागते: या डोळ्याला अँटिबायोटिक हवंय का?

लाल डोळा आणि जिवाणू

डोळ्याचा पांढरा भाग आणि पापण्यांची आतली बाजू यांवर एक पातळ, पारदर्शक आवरण असतं. त्याला सूज आली की आपण ‘डोळे आले’ म्हणतो. ही सूज जिवाणूंमुळे येते, विषाणूंमुळे येते आणि ॲलर्जीमुळेही येते. अँटिबायोटिक चालतं ते फक्त जिवाणूंवर. साथीत पसरणारे, अख्ख्या वर्गाला एकामागून एक होणारे डोळे बहुतेक वेळा ॲडेनोव्हायरस या विषाणूमुळे आलेले असतात. त्यांवर अँटिबायोटिकचे थेंब घालणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. तो डोळा आपल्या वेळेने, एक ते तीन आठवड्यांत बरा होतो आणि श्रेय मात्र बाटलीला मिळतं.

फरक कसा ओळखायचा? डोळ्यातून येणाऱ्या स्रावाकडे बघा. जिवाणूंच्या संसर्गात पिवळसर किंवा हिरवट, घट्ट पू येतो. पुसून काढला तरी थोड्या वेळाने पुन्हा कोपऱ्यात जमतो, आणि सकाळी पापण्या इतक्या चिकटलेल्या असतात की ओल्या कापसाने भिजवल्याशिवाय डोळा उघडत नाही. विषाणूंच्या संसर्गात स्राव पाण्यासारखा असतो. आधी एक डोळा धरतो, दोन-चार दिवसांत दुसरा. सोबत सर्दी किंवा घसादुखी असते, कधी कानाच्या पुढे दाबल्यावर दुखणारी छोटी गाठ लागते. ॲलर्जीची खूण म्हणजे खाज. दोन्ही डोळे एकदम खाजतात आणि चोळल्याशिवाय चैन पडत नाही.

या खुणा उपयोगी आहेत, पण दगडावरची रेघ नव्हेत. विषाणूंच्या संसर्गातही सकाळी चिपडं येतात आणि पापण्या चिकटतात. म्हणून नुसत्या सकाळच्या चिपडांवरून निष्कर्ष काढू नये. दिवसभरात पू परत परत जमतोय का, हे जास्त सांगून जातं.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही. जिवाणूंमुळे आलेले सौम्य डोळेसुद्धा बहुतेक वेळा आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरे होतात. थेंबांमुळे ते दिवस थोडे कमी होतात, इतकंच. त्यामुळे डॉक्टरांनी ‘दोन दिवस स्वच्छ ठेवा, मग बघू’ म्हटलं तर ती टाळाटाळ समजू नका. तो विचारपूर्वक दिलेला सल्ला असू शकतो.

पापणीवर आलेली रांजणवाडी हाही नेहमीचा गोंधळ. तिला मुख्यतः ऊन शेक लागतो. थेंब तिथे फारसे काही करत नाहीत. तसंच काही महिन्यांच्या बाळाचा एक डोळा सारखा पाणावतो, चिकटतो, पण पांढरा भाग पांढराच असतो. तेव्हा बहुधा अश्रूंची नळी अजून पुरती उघडलेली नसते. बहुतेक बाळांमध्ये ती पहिल्या वर्षात आपोआप उघडते. नाकाच्या कडेने हलका मसाज कसा करायचा ते डॉक्टरांकडून शिकून घ्यावं. अशा बाळाला महिनोन्महिने अँटिबायोटिक घालत राहण्यात अर्थ नाही.

अशा वेळी थेंब नकोत, आधी डॉक्टर

खालच्या गोष्टींपैकी एकही असेल तर घरी प्रयोग करत बसू नका. त्यातल्या काहींमध्ये तर काही तासांचाही फरक पडतो.

डोळा खुपतोय, चुरचुरतोय इतपत ठीक. पण खरंखुरं दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, किंवा पापण्या मिटून उघडल्यावरही नजर धूसरच राहत असेल, तर दुखणं वरच्या आवरणापुरतं राहिलेलं नाही. काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर तो बुबुळाचा व्रण असू शकतो. बाहुली दुसऱ्या डोळ्यापेक्षा लहान-मोठी किंवा वेडीवाकडी दिसणं, लाल डोळ्यासोबत डोकेदुखी आणि उलट्या होणं, ही डोळ्याच्या आतल्या आजारांची लक्षणं आहेत. भोवतालचा भाग सुजून ताप आला आणि डोळा फिरवताना दुखू लागला, तर थेट रुग्णालय. कपाळावर किंवा पापणीवर पाण्याचे फोड आले असतील तर नागीण असू शकते. डोळ्याला मार लागलाय, काही उडालंय, नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झालीय, यांतलं काहीही असलं तरी तेच. डोळ्यात रसायन गेलं असेल तर मात्र डॉक्टरकडे निघण्याआधी भरपूर स्वच्छ पाण्याने सलग धुवायला लागा.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांसाठी नियम वेगळा आणि कडक आहे. लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखू लागला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. लेन्ससोबत येणारा स्यूडोमोनास हा जिवाणू बुबुळ एक-दोन दिवसांतही पोखरू शकतो. शिवाय लेन्स नळाच्या पाण्यात धुतली असेल किंवा ती घालून पोहणं झालं असेल, तर अकांथामिबा नावाच्या परजीवीचीही शंका घ्यावी लागते, आणि त्यावर नेहमीचे थेंब चालत नाहीत. डॉक्टरकडे जाताना लेन्स आणि तिची डबी सोबत न्या. तपासणीला उपयोगी पडते.

आणि नवजात बाळ. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात डोळ्यातून पू आला, पापण्या सुजल्या, तर ती तातडीची बाब समजा. प्रसूतीच्या वेळी आईकडून गोनोरियाचे किंवा क्लॅमिडियाचे जंतू बाळाच्या डोळ्यात जाऊ शकतात. त्यावर नुसते थेंब पुरत नाहीत, पोटातून किंवा इंजेक्शनने औषध द्यावं लागतं.

बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा

औषध ठरलं, बाटली हातात आली. आता तिचं नाव वाचा. कंपनीचं मोठ्या अक्षरांतलं नाव सोडा, त्याखालचं बारीक अक्षरांतलं वाचा. मॉक्सिफ्लॉक्सासिन ०.५ टक्के, सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन ०.३ टक्के, टोब्रामायसिन ०.३ टक्के, क्लोरॅम्फेनिकॉल ०.५ टक्के, अझिथ्रोमायसिन १ टक्का, ही नेहमी दिसणारी नावं. तुम्हाला यांपैकी कशाची पूर्वी ॲलर्जी आली असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगायला हवं. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी सल्फासिटामाइडचे थेंब टाळायचे असतात. स्वतःला किंवा घरात कुणाला अस्थिमज्जेचा, म्हणजे रक्तपेशी तयार न होण्याचा आजार झालेला असेल तर क्लोरॅम्फेनिकॉल टाळतात. थेंबांमुळे तसं होणं अतिशय विरळ, पण तेवढ्यासाठी पर्यायी औषध घेणं सोपं आहे. गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या बायकांनीही तसं सांगावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या बारीक अक्षरांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी एखादं नाव दिसतंय का? ही स्टेरॉइड्स. अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकाच बाटलीत असलेली औषधं सर्रास मिळतात, आणि दिसायला ती साध्या अँटिबायोटिकच्या बाटलीसारखीच असतात. कधीकधी नावातही एखाद्या अक्षराचाच फरक असतो. स्टेरॉइडने लाली झपाट्याने उतरते, एका दिवसात डोळा पांढरा दिसू लागतो, आणि सगळे खूष होतात. आत मात्र नागिणीच्याच कुळातला हर्पिसचा विषाणू किंवा बुरशी असेल, तर त्याच स्टेरॉइडच्या आडोशाने ती बुबुळात खोल पसरते. आठवडेच्या आठवडे, महिनोन्महिने वापरत राहिल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. डॉक्टरांनी दिव्याखाली डोळा तपासून, कारण असल्यामुळे दिलेलं स्टेरॉइड वेगळं. शेजाऱ्यांनी ‘आम्हाला एका दिवसात फरक पडला’ म्हणून दिलेली बाटली जवळजवळ नेहमी हीच असते, असा माझा संशय आहे.

नुसती लाली घालवणारे थेंबही असतात, नॅफॅझोलिनसारखे. ते रक्तवाहिन्या आवळतात, जंतूंचं काही करत नाहीत, आणि सतत घातले तर बंद केल्यावर डोळा आधीपेक्षा लाल होतो. संसर्गात ते वापरू नका.

बाटलीवर ‘डोळ्यांसाठी’ असं लिहिलेलं आहे ना, तेही बघा. कानाच्या थेंबांची बाटली हुबेहूब तशीच असते. डोळ्याचे थेंब डॉक्टर कधी कानात घालायला सांगतात. कानाचे थेंब डोळ्यात कधीही जायचे नाहीत. झटपट चिकटवणाऱ्या डिंकाच्या बाटल्याही याच आकाराच्या असतात आणि घाईत, चष्म्याविना, लोकांनी तो डोळ्यात घातल्याच्या घटना घडलेल्या आहेत. म्हणून औषधाच्या कप्प्यात औषधंच ठेवा आणि रात्रीचा थेंब दिवा लावूनच घाला.

मुदत संपल्याची तारीख तपासा आणि सील शाबूत आहे ना ते पाहा. औषध गढूळ झालंय, रंग बदललाय, तळाशी कण दिसतायत, तर घालू नका. (काही औषधं मुळातच दुधाळ असतात आणि ‘हलवून वापरा’ असं लिहिलेलं असतं. तिथे हलवायचं.) बाटली उघडल्यावर लगेच लेबलवर पेनने आजची तारीख टाका. ही सवय एवढी सोपी आहे आणि तरीही कुणी करत नाही.

थेंब घालण्याची रीत

आधी थोडं मोजमाप, म्हणजे पुढच्या सूचनांमागचं कारण कळेल. डोळ्यात एरवी सुमारे ७ मायक्रोलिटर अश्रू असतात. खालची पापणी ओढून जो खिसा होतो त्यात फार तर ३० मायक्रोलिटर मावतं. बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण २५ ते ५० मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे एकाच थेंबाने डोळा भरून वाहतो. दुसरा थेंब गालावर जातो, आणि जाताना पहिल्यातलं औषधही घेऊन जातो. मीही वर्षानुवर्षं ‘एक चुकला तर दुसरा लागेल’ म्हणून दोन-दोन थेंब पिळत आलो. बाटली लवकर संपण्यापलीकडे त्याचा उपयोग नव्हता. पहिला खरंच बाहेर पडला असेल तरच दुसरा घाला.

१. साबणाने हात धुवा. वीस सेकंद तरी, आणि स्वच्छ कपड्याने पुसा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती काढलेली हवी. संसर्ग पूर्ण बरा होईपर्यंत ती पुन्हा घालायची नाही.

२. डोळ्यातला पू आधी काढा. ही पायरी लोक सोडून देतात आणि मग औषध पुवातच मिसळून जातं. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवा, नाकाकडच्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्याकडे एकदा पुसा आणि तो बोळा टाकून द्या. पुढच्या वेळी नवा. चिपडं वाळून घट्ट बसली असतील तर ओला बोळा मिनिटभर मिटलेल्या डोळ्यावर धरा, ती आपोआप सुटतात. ओढून काढू नका, पापणीचे केस तुटतात आणि दुखतंही. एका डोळ्याचा बोळा दुसऱ्या डोळ्याला लावायचा नाही.

३. बाटली उघडा. काही बाटल्यांच्या झाकणातच टोकदार खिळा असतो. झाकण घट्ट फिरवलं की टोकाला भोक पडतं. सुईने किंवा टाचणीने भोक पाडू नका. भोक मोठं झालं तर थेंबही मोठा पडतो, आणि सुईवरचे जंतू आत जातात ते वेगळंच. झाकण ठेवायचं तर उताणं ठेवा, आतली बाजू टेबलाला लागू देऊ नका.

४. बसून मान मागे टाका किंवा सरळ आडवे व्हा. एका हाताच्या बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढा, म्हणजे तिथे छोटा खिसा तयार होईल. वर छताकडे बघा. बाटली डोळ्याच्या वर बोटभर अंतरावर धरा आणि एक थेंब त्या खिशात सोडा. बुबुळावर थेट पडलेला थेंब झोंबतो आणि पापण्या फटकन मिटतात, म्हणून खिसा.

बाटलीचं टोक कशालाही लागता कामा नये: पापणीला, केसांना, डोळ्याला, बोटालाही नाही. टोक डोळ्याला लागलं की पुवातले जंतू बाटलीत जातात आणि पुढच्या वेळी परत डोळ्यात. बहुतेक औषधांत परिरक्षक, म्हणजे जंतू वाढू न देणारे घटक, असतात खरे, पण त्यांच्या ताकदीला मर्यादा असते. दूषित बाटली काय करू शकते याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेत २०२३ साली दिसलं. तिथे दूषित कृत्रिम अश्रूंशी, म्हणजे कोरड्या डोळ्यांत घालायच्या थेंबांशी, जोडलेली स्यूडोमोनासची साथ पसरली. ८१ रुग्ण सापडले, त्यांतल्या १४ जणांची दृष्टी गेली आणि ४ जण दगावले. ते कारखान्यातून दूषित होऊन आलेलं औषध होतं, घरात टेकलेलं टोक नव्हतं. पण एवढ्याशा बाटलीतले जंतू कुठवर जाऊ शकतात ते त्यातून कळतं.

५. डोळा अलगद मिटा. अलगद म्हणजे झोपेत मिटतो तसा. घट्ट आवळला किंवा फडफडवला तर औषध बाहेर ढकललं जातं. मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट ठेवून एक-दोन मिनिटं हलका दाब द्या. तिथून अश्रूंची नळी नाकात आणि पुढे घशात उतरते. ती दाबून धरली की औषध डोळ्यात जास्त वेळ टिकतं आणि अंगात कमी जातं. थेंब घातल्यावर घशात कडू चव लागते अशी तक्रार अनेक जण करतात, विशेषतः क्लोरॅम्फेनिकॉलची. त्यावर हाच उपाय.

६. गालावर आलेलं टिपून घ्या, झाकण लावा, बाटलीचं टोक पुसू नका, धुऊ तर मुळीच नका. पुन्हा हात धुवा.

काही सेकंद चुरचुरणं आणि थोडा वेळ धूसर दिसणं हे नेहमीचं. नजर स्वच्छ होईपर्यंत गाडी चालवू नका.

दोन्ही डोळ्यांत घालायचं असेल तर आधी कमी बिघडलेला डोळा, मग जास्त बिघडलेला. मध्ये हात धुवा. चांगल्या डोळ्यात ‘आधीच घालून ठेवू’ म्हणून औषध घालू नका. डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच.

लहान मुलं आणि थरथरते हात

मूल डोळा उघडू देत नाही आणि मग दोघं धरतात, तिसरा पापण्या ओढतो, चौथा ओरडतो. त्यापेक्षा मुलाला उताणं झोपवा, डोळे मिटूनच ठेवायला सांगा आणि मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब सोडा. कोपऱ्यात छोटं तळं होतं. आता डोळे उघडायला सांगितलं की औषध आपसूक आत जातं. पापण्यांवर चिपडं नाहीत हे मात्र आधी बघून घ्या, म्हणजे स्वच्छ पापणीवरून स्वच्छ औषध जाईल. मूल रडत असताना घातलेला थेंब अश्रूंसोबत वाहून जातो, तेव्हा थोडं थांबलेलं बरं. तान्ह्या बाळाला दुपट्यात हात आत घेऊन गुंडाळलं की एकट्याने जमतं. फार लहान मुलांना डॉक्टर थेंबांऐवजी मलम देतात, त्याचं कारण हेच: ते वाहून जात नाही.

वयस्कर माणसांच्या हाताला कंप असेल तर बाटली धरलेल्या हाताचं मनगट कपाळावर किंवा गालाच्या हाडावर टेकवावं. हात स्थिर होतो. बोटांत जोर नसेल तर बाटली धरायला आणि पिळायला सोपं जावं म्हणून छोटी साधनं मिळतात, औषधाच्या दुकानात विचारा. फ्रिजमध्ये ठेवायचं औषध असेल तर एक फायदा अनायासे मिळतो: गार थेंब डोळ्यात पडला की गालावर, हे लगेच कळतं. एकट्याने जमत नसेल तर संकोच न करता दुसऱ्याला घालायला सांगावं; निम्मे थेंब उशीवर पडण्यापेक्षा ते बरं.

किती वेळा आणि किती दिवस

इथे तुमच्या चिठ्ठीवरचं वेळापत्रकच खरं. फक्त औषधागणिक ते किती बदलतं याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. मॉक्सिफ्लॉक्सासिन साधारण दिवसातून तीनदा, सात दिवस. सिप्रोफ्लॉक्सासिन पहिले दोन दिवस जागेपणी दर दोन तासांनी, पुढचे पाच दिवस दर चार तासांनी. अझिथ्रोमायसिन पहिले दोन दिवस दोनदा, मग पाच दिवस दिवसातून एकदाच. म्हणजे मागच्या वेळच्या बाटलीचं वेळापत्रक या वेळच्या बाटलीला लावून चालत नाही. बुबुळाच्या व्रणात तर तासातासाला, रात्री उठवूनही थेंब घालावे लागतात. तिथे झोपमोड नको म्हणून सवलत घ्यायची नाही.

एखादी वेळ चुकली तर आठवेल तेव्हा घाला. पुढची वेळ जवळच आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दुप्पट घालून भरपाई होत नाही, तो हिशेब वर झालाच आहे.

डोळा दोन-तीन दिवसांत बरा वाटू लागतो आणि तिथेच बहुतेक जण बाटली बाजूला ठेवतात. सांगितलेले दिवस पुरे करा. त्याहून जास्त दिवसही नको. आणि एक चूक हुशार माणसंही करतात: चार वेळाचे थेंब स्वतःच्या मनाने दोन वेळा, मग एक वेळ असं ‘हळूहळू कमी’ करत आणणं. स्टेरॉइडच्या थेंबांना तसं कमी करत आणतात, ते ऐकून अँटिबायोटिकलाही लोक तोच नियम लावतात. अँटिबायोटिक अर्ध्यामुर्ध्या मात्रेत देत राहिलं तर जंतू मरत नाहीत, सरावतात. घालायचं तोवर पूर्ण मात्रेत, आणि मुदत झाली की एकदम बंद.

दुसरेही थेंब चालू असतील, उदाहरणार्थ काचबिंदूचे, तर ते मनाने बंद करू नका. दोन औषधांमध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी, थेंबांनंतर दहा मिनिटांनी. मलमाची रीत अशी: खालच्या पापणीच्या खिशात आतून बाहेर साधारण एक सेंटिमीटरची बारीक रेघ ओढायची, नळीचं टोक न टेकवता, आणि डोळा मिटून हलकेच फिरवायचा. त्यानंतर काही वेळ धूसर दिसतं, म्हणून ते झोपताना बरं पडतं.

बाटली कुठे ठेवायची, कधी टाकायची

साठवण औषधागणिक वेगळी. क्लोरॅम्फेनिकॉलचे थेंब सहसा २ ते ८ अंश सेल्सिअसला, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवतात. इतर बरेच साध्या तापमानाला चालतात. बर्फाच्या कप्प्यात कोणतेच नाहीत. उन्हात तापलेल्या गाडीतही नाहीत. उघडल्यापासून चार आठवडे झाले की, छापील मुदत कितीही पुढची असो, बाटली टाकायची. लेबलवर त्याहून कमी दिवस लिहिले असतील तर तेवढेच. एकावेळी वापरायच्या प्लॅस्टिकच्या कुप्या असतील तर उरलेलं औषध लगेच टाकून द्यायचं, टोपण उलटं लावून संध्याकाळसाठी ठेवायचं नाही.

उरलेलं औषध मोरीत ओतू नका. औषधाच्या दुकानात परत घेण्याची सोय असेल तर तिथे द्या. नसेल तर बंद पिशवीत घालून, लेबलवर काट मारून कचऱ्यात, म्हणजे दुसरं कुणी उचलून वापरणार नाही.

उपचार चालू असेपर्यंत रुग्णाचा टॉवेल, उशीचा अभ्रा, रुमाल वेगळा ठेवा. काजळ, मस्कारा, आयलायनर जे संसर्गाच्या दिवसांत वापरलं ते टाकून द्या, कितीही महागाचं असलं तरी. नाहीतर तेच जंतू पुन्हा डोळ्यात. त्या काळातल्या लेन्स आणि त्यांची डबीही टाका, फक्त डॉक्टरांनी तपासणीसाठी मागितली नाही ना एवढं आधी विचारा. बाटली एकाची ती एकाचीच. घरात दोघांचे डोळे आले तरी दोन बाटल्या.

औषध चालू असताना डोळा बिघडला तर

थेंब घालायला लागल्यावर पापण्या जास्तच सुजल्या, खाजू लागल्या, पापणीखालची कातडी लाल होऊन खरखरीत झाली, तर संसर्ग वाढलाय असं समजून थेंब वाढवू नका. ही औषधाचीच ॲलर्जी असू शकते. टोब्रामायसिन, जेंटामायसिन यांसारखी औषधं फार दिवस घातल्यावर बुबुळाच्या वरच्या थरालाही त्रास देतात. डोळा लाल, म्हणून थेंब, आणि थेंबांमुळे डोळा लाल, असं चक्र सुरू होतं. अशा वेळी औषध थांबवून डॉक्टरांशी बोला. चेहरा किंवा ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला तर लगेच रुग्णालय. बुबुळाच्या व्रणासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन वारंवार घालताना बुबुळावर पांढरा थर कधी दिसतो. तो औषधाचाच साका असू शकतो, पण ते ठरवायचं काम डॉक्टरांचं. तोवर थेंब मनाने थांबवायचे नाहीत.

नीट घालूनही दोन दिवसांत काहीच उतार नसेल तर परत दाखवा. कदाचित संसर्ग जिवाणूंचा नसेल, कदाचित या औषधाला दाद न देणारे जंतू असतील, आणि मग स्रावाचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत तपासावा लागेल. जाताना आतापर्यंत डोळ्यात घातलेली प्रत्येक बाटली सोबत न्या: डॉक्टरांनी दिलेली, दुकानातून आणलेली आणि शेजाऱ्यांनी दिलेलीसुद्धा. किती थेंब चुकले तेही खरं सांगा. ‘अगदी वेळच्या वेळी घातले’ असं ऐकल्यावर डॉक्टर औषध बदलून जास्त जोराचं देतील, आणि मुळात पहिलंच पुरेसं होतं, फक्त ते डोळ्यात गेलेलं नव्हतं.